आधी विचारा, मग पुसा : घरातल्या जुन्या वस्तू आणि त्यांच्या आठवणी नोंदवण्याचा क्रम

घर आवरायला काढलं की बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. पहिल्या दिवशी माळ्यावरचं सगळं खाली येतं. दुसऱ्या दिवशी ते घासूनपुसून लख्ख होतं. तिसऱ्या दिवशी "हे तू ने, ते मी नेते" करत वाटणी उरकते. चौथ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "ही एवढी मोठी किल्ली कशाची गं?" ज्यांना ते ठाऊक होतं त्या तीन दिवस पलीकडच्या खोलीतच बसून होत्या. आता किल्ली एका घरी, पेटी दुसऱ्या घरी आणि पेटीतली चिठ्ठी रद्दीत.

यातलं एकही काम चुकीचं नाही, चुकतो तो क्रम. मीही चुकलो आहे. आजीच्या लाकडी पेटीचं झाकण मी उत्साहाने पॉलिशपेपर मारून गुळगुळीत केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या, त्या मला मळ वाटल्या. आत्या आली, झाकण उघडून बघत राहिली आणि म्हणाली, "रेघा कुठं गेल्या?" दूर नोकरीला गेलेल्या भावाला पाठवलेल्या प्रत्येक पत्रामागे आजी एक रेघ ओढायची आणि उत्तर आलं की ती खोडायची. किती रेघा न खोडलेल्या राहिल्या होत्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून खालच्या क्रमात स्वच्छता सहाव्या टप्प्यावर आहे. ती वर ओढू नका.

## तयारी : आधी माणसांची यादी, मग वस्तूंची

पहिली यादी वस्तूंची करायची नाही. घरातल्या जुन्या गोष्टी ठाऊक असलेली माणसं कोण, ते लिहा. सर्वांत वयस्कर, सर्वांत आजारी आणि सर्वांत लांब राहणारी माणसं वर घ्या. दहा वर्षं कामाला येणाऱ्या बाई, जुने शेजारी, आजोबांचा मित्र यांनाही विसरू नका. घरच्यांनी कधी न पाहिलेल्या गोष्टी त्यांनी पाहिलेल्या असतात. कोणत्या वस्तूपासून सुरुवात करायची हे या यादीवरून ठरतं. मावशींना डोळ्यांनी कमी दिसू लागलं असेल, तर ज्या वस्तूंबद्दल फक्त त्याच सांगू शकतील त्या आधी.

मग सामान जमवा. एक शिवलेली वही (सुटे कागद नकोत, ते हरवतात), मऊ टोकाची २बी पेन्सिल, जाड कागदाच्या चिठ्ठ्या, पांढरा सुती दोरा, मोजपट्टी, भिंग, टॉर्च, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, पांढरी स्वच्छ चादर आणि मोकळी जागा शिल्लक असलेला फोन.

त्या खोलीत येऊच द्यायचं नाही असं सामान : चिकटपट्टी, रबरबँड, स्टेपलर, पक्क्या शाईचं मार्कर आणि कुठलंही पॉलिश. हाताशी असलं की वापरलं जातंच.

एका बैठकीत दहा-बारा वस्तू पुरे. अख्खी खोली एका रविवारी उरकायची ठरवलीत, तर दुपारनंतरच्या नोंदी "जुना डबा", "आणखी एक डबा" अशा होतात.

पडताळा : माणसांच्या यादीतल्या पहिल्या तीन नावांशी भेटीची वेळ ठरली आहे का? नसेल तर माळ्याला शिडी लावू नका.

## टप्पा १ : हलवण्यापूर्वीचा फोटो

वस्तू कुठे होती आणि कशासोबत होती, ही अर्धी माहिती असते. चष्म्याच्या डबीत चष्म्याऐवजी बटणं असतील, तर ती तिथे कुणीतरी मुद्दाम ठेवलेली असतात. खण उघडा आणि काहीही न उचलता वरून फोटो घ्या. पेटी असेल तर एकेक थर काढताना प्रत्येक थराचा फोटो घ्या.

कपड्यांचे खिसे तपासा. पुस्तकं उलटी धरून झटकू नका. पान-पान चाळा, आणि चिठ्ठी, वाळलेलं फूल किंवा तिकीट सापडलं तर पान क्रमांक लिहूनच ते बाहेर काढा. फ्रेममधल्या फोटोमागे दुसरा फोटो असणं अगदी नेहमीचं आहे. पण फोटो काचेला चिकटलेला दिसला तर ओढू नका. काचेसकट तसाच राहू द्या, आणि त्याची प्रत काचेवरूनच घ्या.

## टप्पा २ : क्रमांक आणि छायाचित्रं

प्रत्येक वस्तूला तीन आकडी क्रमांक द्या : ००१, ००२. खोलीनुसार किंवा माणसानुसार उपविभाग पाडायचा मोह आवरा. वस्तू खोल्या बदलतात, मालकही बदलतात. साधा चढता क्रमांक मात्र बदलत नाही.

चिठ्ठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहा आणि ती सुती दोऱ्याने वस्तूला सैल बांधा. वस्तूवर काहीही चिकटवू नका. चिकटपट्टीतला डिंक काही वर्षांनी तपकिरी होऊन आत मुरतो. पट्टी गळून पडते, डाग राहतो.

फोटो खिडकीच्या उजेडात, थेट ऊन टाळून, फ्लॅश न वापरता घ्या. एक अख्ख्या वस्तूचा मोजपट्टीसह, एक मागचा, एक तळाचा. त्यानंतर छाप, क्रमांक, कोरलेली नावं आणि दुरुस्तीच्या खुणा जवळून. दुरुस्तीच्या खुणांकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. तारेने बांधलेला कान, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं रफू, दुसऱ्याच भांड्याचं झाकण : कुणीतरी ही वस्तू टाकायला तयार नव्हतं, हे तिथेच दिसतं. पुढच्या टप्प्यात विचारायचे प्रश्नही तिथेच सापडतात.

सावधान : फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका. पेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. जुन्या कागदी फोटोंवर मऊ पेन्सिलीने कडेला हलक्या हाताने लिहिता येतं. प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पाठीच्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, तिथे फोटो पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा. आधी लिहायचं, मग फोटो आत सरकवायचा.

## टप्पा ३ : विचारणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

एका वेळी एकच माणूस. सगळे भाऊ-बहीण एकत्र बसवले की गप्पा रंगतात, पण नोंद बिघडते. ज्याचा आवाज मोठा त्याची हकीकत सगळ्यांची होऊन बसते. आठवण दरवेळी सांगताना नव्याने जुळवली जाते आणि दुसऱ्याकडून ऐकलेला तपशील त्यात नकळत मिसळतो. तासाभराने "मीही पाहिलंय" असं म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटू लागलेलं असतं. आधी प्रत्येकाला एकट्याने विचारा. मैफल नंतर जमवा.

वस्तू हातात द्या. फोनवर फोटो दाखवून विचारू नका. वजन, थंडपणा, बिजागरीचा आवाज आणि मुख्य म्हणजे वास, यांनी फार जुन्या गोष्टी वर येतात. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बऱ्याचदा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असं मानसशास्त्रातल्या प्रयोगांत दिसलं आहे. स्वेटर धुऊन, पेटी पॉलिश करून समोर ठेवलीत, तर तुम्ही स्वतःच्या हाताने तो वास घालवलेला असतो.

"काय आठवतं?" हा पहिला प्रश्न नको. एवढ्या मोठ्या प्रश्नाला "काही विशेष नाही" हेच उत्तर येतं. जागेपासून सुरुवात करा : ही कुठे ठेवलेली असायची? कुणाच्या हाताला पोचायची, कुणाच्या नाही? मग हातांकडे वळा : कोण वापरायचं, कसं धरायचं? दाखवा ना. मग माझा आवडता प्रश्न : हिला हात लावला म्हणून कुणी ओरडा खाल्ला होता का? या प्रश्नावर गप्प बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

साल विचारून अडवू नका. "तेव्हा तुम्ही कुठल्या घरात होतात? धाकटा जन्मला होता का?" असं विचारलं की साल आपोआप जवळ येतं. आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. चाळिशी उलटलेल्या माणसांना साधारण १० ते ३० या वयातलं सगळ्यात दाट आठवतं. म्हणून सत्तरीच्या काकांना गेल्या वीस वर्षांतल्या घड्याळापेक्षा त्यांच्या पहिल्या नोकरीच्या दिवसांतल्या पेनाबद्दल विचारा.

उत्तर तोंडात घालू नका. "हे काकांचंच ना?" असं विचारलं की समोरचा माणूस सौजन्याने हो म्हणतो, आणि वस्तू कायमची काकांची होते. तसंच, चूक दिसली तरी तिथे दुरुस्त करू नका. दोनदा टोकलं की माणूस जपून बोलू लागतो, आणि जपून सांगितलेली आठवण वहीत घेण्यासारखी नसते.

गप्प बसा. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात दहा आकडे मोजा. खरी हकीकत बऱ्याचदा सातव्या-आठव्या आकड्याला सुरू होते.

पंचेचाळीस मिनिटांत थांबा, रंगात आलं असलं तरी. "उरलेलं परवा" म्हटलं की त्या दोन दिवसांत माणसाला आणखी आठवतं.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, लपवून करू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन उघड्या टेबलावर न ठेवता घडी केलेल्या कापडावर हातभर अंतरावर ठेवा. एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून पाहा. सुरुवातीला तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि वस्तूचा क्रमांक मोठ्याने बोला. आणि सगळे विसरतात अशी एक गोष्ट : समोरचा माणूस "इथे बघ, हे असं दाबायचं" म्हणाला की तुम्ही लगेच म्हणा, "म्हणजे झाकणाच्या डाव्या कोपऱ्यातली खाच." नाहीतर वर्षाने ऐकताना "इथे" म्हणजे कुठे ते कुणाला कळणार?

सावधान : काही वस्तूंच्या आठवणी वाईट असतात. आवाज बदलला, वस्तू खाली ठेवली गेली, की विषय सोडा. वहीत "सांगायचं नाही" असं लिहा आणि पुढची वस्तू घ्या. तीही नोंदच आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला "आठवतं का?" कधीच विचारू नका, ती परीक्षा होते. वस्तू हातात देऊन शेजारी बसा. जे बोलतील ते लिहा, नाही बोलले तरी चालेल.

## टप्पा ४ : त्याच संध्याकाळी लिहिणं

रेकॉर्डिंग आहे म्हणून लिखाण पुढे ढकललं की ते कधीच होत नाही. तासभराचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला तासभर लागतो आणि तो तास कुणाकडे नसतो. त्याच संध्याकाळी एकेका वस्तूचं अर्धं पान लिहा.

प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करा : पा म्हणजे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं, ऐ म्हणजे ऐकलेलं, अं म्हणजे अंदाज. ही सवय लावली नाही, तर दहा वर्षांत सगळे अंदाज घराण्याचा इतिहास होऊन बसतात.

नोंद साधारण अशी दिसावी :

*०१४. लोखंडी किल्ली, लांबी ११ सेंमी, दांडीवर गंज, कड्याला लाल दोरा. सापडली : शिवणयंत्राच्या खालच्या खणात, बटणांच्या डबीत. मोठ्या लोखंडी पेटीची (पा – आत्या). पेटी घर बदलताना विकली (पा – आत्या). विकताना किल्ली द्यायची राहून गेली, असं आजी सांगायची (ऐ – बाबा). आत्या म्हणते, राहिली नव्हती, आजीने ठेवून घेतली (अं). लाल दोरा कुणी बांधला, माहीत नाही. आता कुठे : खोका २.*

बाबा आणि आत्या इथे वेगवेगळं सांगतात. त्यांच्यात निवाडा करायचा नाही. दोन्ही लिहा, नावानिशी. "माहीत नाही" हेही लिहा, म्हणजे पुढे कुणाला विचारायचं ते लक्षात राहतं.

पडताळा : नोंदीत सांगणाऱ्याचं नाव, सांगितल्याची तारीख आणि वस्तू आत्ता कुठे आहे, या तीन गोष्टी आहेत का? नात्याचे शब्द पूर्ण लिहा. तुमची "मोठी आई" तुमच्या नातवाला कळणार नाही, तिथे पूर्ण नाव हवं.

## टप्पा ५ : वस्तूलाच विचारणं

आता भिंग घ्या. हकीकत आणि वस्तू यांचा मेळ बसतो का ते पाहायचं आहे.

घरच्या आठवणीनुसार घड्याळ १९५५ सालचं, पण तबकडीवर "क्वार्ट्झ" लिहिलेलं आहे? मग गोष्ट खरी असली तरी घड्याळ ते नव्हे. पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सेइकोने डिसेंबर १९६९ मध्ये टोकियोत विक्रीला आणलं. तळाशी "वेस्ट जर्मनी" असा छाप असेल तर वस्तू १९४९ ते १९९० च्या दरम्यानची. "ऑक्युपाइड जपान" असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर जपान मित्रराष्ट्रांच्या ताब्यात होता त्या काळातली, म्हणजे १९५२ पर्यंतची. बॉलपेन १९४० च्या दशकात बाजारात आलं, त्यामुळे १९२० सालच्या पत्रावर बॉलपेनचा मजकूर असेल तर तो नंतर कुणीतरी भरलेला आहे. सिंगरच्या जुन्या शिवणयंत्रावरच्या अनुक्रमांकावरून ते कोणत्या साली बनलं ते शोधता येतं. पाकीट असेल तर पत्रातल्या तारखेइतकाच टपालाचा शिक्का महत्त्वाचा.

मेळ बसला नाही म्हणून गोष्ट खोडू नका. बहुतेक वेळा जुनी वस्तू हरवलेली असते आणि तिची हकीकत तिच्याजागी आलेल्या वस्तूला चिकटलेली असते. नोंदीत दोन्ही लिहा. आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्यासमोर विजयी मुद्रेने घड्याळ नाचवत जाऊ नका. पुढच्या वेळी ते काही सांगणार नाहीत.

## टप्पा ६ : स्वच्छता, तीही कमीत कमी

नियम एकच : जे परत पूर्ववत करता येणार नाही, ते करायचं नाही. बहुतेक वस्तूंना कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकणं पुरतं.

कागद. गंजलेल्या टाचण्या आणि पिना हळूच काढा, रबरबँड कापून काढा. जुन्या शाईवर ओलं फडकं फिरवू नका, ती पसरते. फाटलेलं पत्र चिकटपट्टीने जोडू नका, दोन्ही तुकडे एका पाकिटात ठेवा. आणि लॅमिनेशन करू नका! लोक हे प्रेमापोटी करतात, पण उष्णतेने कागदात शिरलेलं ते प्लॅस्टिक परत निघत नाही. कागद हाताळताना सुती हातमोजे नकोत, बोटांना अंदाज राहत नाही आणि कडा फाटतात. धुऊन कोरडे केलेले हात चांगले. फोटो आणि चांदीसाठी मात्र नायट्राइलचे हातमोजे घाला.

धातू. चांदीवरचा काळेपणा हा गंधकाशी झालेल्या संयोगाचा पातळ थर असतो. दर घासणीत थोडी चांदी जाते आणि कोरलेली नावं पुसट होतात. पितळेवरची गडद झाक काढलीच पाहिजे असं नाही. कुणाच्या तरी अंगठ्याने एकाच जागी झिजून चकाकणारी कडी बाकीच्या काळेपणामुळेच दिसते. सगळी कडी चकाकवलीत की तो अंगठा गेला.

कापड. धुवायचं की नाही हे ठरवण्यापूर्वी टप्पा ३ झालाय का ते पुन्हा पाहा. रंग जाणारा कपडा, भरतकाम, जरीकाम घरी धुऊ नका. कसर लागलेली लोकर किंवा सुती कापड पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवता येतं. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर बाहेरची ओल कापडावर बसते.

घड्याळं आणि यंत्रं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या घड्याळाला किल्ली देऊन "चालतंय का बघू" म्हणू नका. आतलं तेल घट्ट झालेलं असतं आणि कोरडे दाते एकमेकांना खातात. आधी कारागिराकडून साफ करून घ्या. जुना रेडिओ किंवा इस्त्री थेट प्लगला लावू नका, वायरवरचं आवरण तडकलेलं असतं.

सावधान, हे जिवाशी संबंधित आहे :

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९६० च्या दशकापर्यंतच्या, अंधारात चमकणाऱ्या काट्यांच्या घड्याळांत रेडियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असू शकतो. चमक गेली म्हणजे धोका गेला असं नाही. विझतो तो चमकणारा लेप, रेडियमचं अर्ध-आयुष्य (त्यातलं निम्मं उरायला लागणारा काळ) मात्र सुमारे १६०० वर्षांचं आहे. असं घड्याळ उघडू नका, तबकडी खरवडू नका, उशाशी ठेवू नका.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मसाठी नायट्रेट वापरलं जाई. ती सहज पेटते आणि पेटली की विझत नाही. जुन्या डब्यात चिकट, तपकिरी झालेली किंवा भुकटी पडलेली फिल्म दिसली तर घरात ठेवू नका, दिव्यावर धरून पाहू नका, अभिलेखागारातल्या जाणकारांशी बोला. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म ॲसिटेटची. ती पेटण्याची तेवढी भीती नाही, पण ती सडू लागली आहे, तेव्हा तिची प्रत लवकर घ्या आणि तिला बाकीच्या फिल्मपासून वेगळी ठेवा.

## टप्पा ७ : ठेवायचं कुठे

माळा तापतो आणि तळघर ओलं होतं. वस्तू नेमक्या याच दोन ठिकाणी जातात. घराच्या मधल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट सगळ्यात बरं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असेल तर उत्तम. ती ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर कपाटात ठेवा, अंदाज करत बसू नका.

वर्तमानपत्रात काहीही गुंडाळू नका. तो कागद आम्लधर्मी असतो, स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही पाडतो. आम्लमुक्त कागद मिळाला तर छान, नाहीतर अनेकदा धुतलेली पांढरी सुती चादर चालते. फोटोंसाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. नव्या प्लॅस्टिकचा उग्र वास येणारी पीव्हीसीची नकोत. चिकट पानांवर प्लॅस्टिकचा पडदा ओढायचे जुने अल्बम असतील, तर जे फोटो सहज सुटतात ते काढून घ्या. बाकीचे पानासकट स्कॅन करा.

कपड्याच्या घडीत कापडाची गुंडाळी ठेवा, म्हणजे घडीवर चीर पडत नाही, आणि वर्षातून एकदा घड्या बदला. चांदी लोकर आणि रबरापासून लांब. भिंतीवर मूळ फोटोऐवजी प्रत लावा. उजेडाने उडालेला रंग कशानेही परत येत नाही.

## टप्पा ८ : प्रती

कागदपत्रं ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके), फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. मूळ स्कॅन टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात) ठेवा, पाठवायला जेपेग (त्याहून लहान फाइल). फाइलच्या नावात वस्तूचा क्रमांक हवाच : ०१४_किल्ली_मागची बाजू. मेसेजिंग ॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं म्हणजे जपलं असं समजू नका.

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. वहीच्या पानांचेही फोटो यातच घ्या.

कॅसेट आणि व्हिडिओ टेपचं काम मात्र पुढे ढकलू नका. चुंबकीय फीत दशकांत खराब होते, आणि ती वाजवणारी यंत्रं त्याहून लवकर संपत चालली आहेत. व्हीएचएस रेकॉर्डर बनवणाऱ्या अखेरच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. ऑडिओ कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी वरच्या कडेच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आजीचा आवाज पुसला जाणार नाही. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर अजिबात वाजवू नका.

## टप्पा ९ : वाटणी

मृत्युपत्र असेल तर ते आधी वाचा, बाकी सगळं त्यानंतर. बाजारात किंमत असलेल्या वस्तू (सोनं, चांदी, मौल्यवान घड्याळ) बाजूला काढा आणि त्यांचं मोल जाणकाराकडून करून त्यांचा हिशोब वेगळा ठेवा. किंमत आणि माया एकाच टेबलावर आली की भांडण पैशाचं होतं आणि बोललं जातं मायेबद्दल.

उरलेल्यांसाठी प्रत्येकाने घरी बसून, दुसऱ्याला न दाखवता, हव्या असलेल्या पाच वस्तू आणि त्या का हव्यात ते एका ओळीत लिहावं. याद्या उघडल्या की आश्चर्य वाटतं. ज्या हारावरून वाद होईल असं सगळ्यांना वाटत होतं तो कुणीच मागितलेला नसतो, आणि कात्रीला चार जण असतात. एकाच वस्तूवर दोन नावं आली तर आधी ती "का"ची ओळ वाचा. बऱ्याचदा दुसरा स्वतःहून मागे घेतो. तरी अडलं तर चिठ्ठ्या टाका. पहिल्या फेरीत ज्या क्रमाने निवड झाली, त्याच्या उलट क्रमाने दुसरी फेरी घ्या, म्हणजे शेवटच्या माणसावर अन्याय होत नाही.

जी वस्तू कुणालाच नको, तिचा फोटो आणि नोंद झाली असेल तर ती निर्धास्त देऊन टाका. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जिव्हाळ्याच्या वस्तूंचे आधी फोटो काढायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा जास्त वस्तू दान केल्या. सगळं ठेवायचं म्हणणारा माणूस शेवटी काहीच नीट ठेवत नाही.

पडताळा : वस्तू घराबाहेर जाण्यापूर्वी नोंदीतली "आता कुठे" ही ओळ बदलली का? वस्तूसोबत नोंदीची प्रत गेली का? कायमची दिली की सांभाळायला दिली, हे लिहिलं का? "ठेव तुझ्याकडे" या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात आणि दोघांना वेगवेगळा अर्थ आठवतो.

## वर्षातून एकदा

एक दिवस ठरवून ठेवा. मीटर पाहा, घड्या बदला, कसर आणि बुरशी तपासा, प्रतींपैकी एक फाइल उघडून बघा. "माहीत नाही" असलेल्या नोंदी काढा आणि त्या वर्षी घरी येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणाला विचारता येईल ते ठरवा. आमच्या लाल दोऱ्याचं उत्तर असंच चौथ्या वर्षी मिळालं. बाबांच्या मामेबहिणीने किल्ली पाहताक्षणी सांगितलं की तो तिच्या वेणीच्या रिबिनीचा उसवलेला दोरा आहे.

मग घरातल्या सगळ्यात लहान, वाचता येणाऱ्या मुलाच्या हाती वही द्या आणि म्हणा, "चौदा नंबर शोधून आण, आणि ते काय आहे ते मला सांग." पाच मिनिटांत वस्तू आणि गोष्ट दोन्ही आली तर नोंद नीट आहे. नाही आली तर कुठे अडलं ते मुलालाच विचारा आणि ती ओळ त्याच्यासमोर पुन्हा लिहा.